चार तारांचा बाजारभाव

पिंपळवंडीच्या माणसाला भाव म्हणजे काय हे शिकवायला जाऊ नये. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढे गेलेलं त्यानं पाहिलंय, आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत तोच टोमॅटो आपटलेलाही पाहिलाय. म्हणून आज त्याला जरा वेगळ्या मालाचा भाव सांगतो. माल टिकाऊ आहे, फवारणी लागत नाही, उसात लपलेला बिबट्याही त्याच्या वाटेला जात नाही. तो माल म्हणजे वापरलेली, चार तारांची इलेक्ट्रिक बेस गिटार.

हसू नका. जगात हा माल जमवणारे शौकीन आहेत आणि त्यांचे खिसे खोल आहेत. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत होती १९९ डॉलर ५० सेंट. १९६० ला 'जॅझ बेस' आली. १९६५ साली सीबीएस कंपनीनं १ कोटी ३० लाख डॉलर मोजून फेंडरचा सगळा कारखानाच घेतला. पुढे त्या सालावरून शौकिनांनी पंक्ती मांडल्या. पासष्टच्या आधीची गिटार ती खानदानी, नंतरची ती उपरी. सत्तरच्या दशकातल्या वजनदार गिटारी बघून हीच मंडळी नाकं मुरडायची. आता खानदानी माल आवाक्याबाहेर गेल्यावर तीच उपरी 'व्हिंटेज' झाली. माल तोच, लाकूड तेच, फक्त गिऱ्हाइकाची नजर म्हातारी झाली.

शौकीन जुनी बेस कशी पारखतो ते बघण्यासारखं असतं. आधी एक डोळा मिटून दांडी वाकलीय का ते बघतो. मग बटण फिरवून खरखर ऐकतो. मग मागचे चार स्क्रू काढून दांडीच बाहेर ओढतो, कारण तिच्या बुडाशी कारखान्यात पेन्सिलीनं लिहिलेली किंवा शिक्क्यानं मारलेली तारीख सापडते. शेवटी रंग. आधीच्या मालकानं हौसेनं नवा रंग मारला असेल, तर जुन्या फेंडरची किंमत निम्म्यावर येते. मूळ रंग मनगटाच्या घामानं उडाला असेल तर मात्र तो डाग म्हणजे दागिना! ज्याच्या घामानं रंग उडाला, त्याला त्या रात्री बिदागी किती मिळाली, हे कुणी विचारत नाही. घामाला भाव आहे, घाम गाळणाऱ्याला नाही.

डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमर्सनची बेस आहे. वर्षानुवर्षं रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं नावच नसायचं. ते दिसायला १९७१ साल उजाडलं. १९८३ साली तो गेला, त्याच्या थोडं आधी त्याची गिटारही चोरीला गेली. उलट बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये तीसेक पौंडांना घेतलेली हॉफ्नर बेस १९७२ साली चोरीला गेली, तर पन्नास वर्षांनी तिच्यासाठी शोधमोहीम निघाली आणि २०२४ साली ती सापडल्याची बातमी जगभर झाली. गिटार हरवली तर बातमी. बेसवाला हरवला तर? गाणं जरा पोकळ वाटतंय, एवढंच लोक म्हणतात.

लांब कशाला, मुंबईचंच बघा. संगीतकार पंचमदांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे. गाणं पाठ असलेल्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे, हात वर करा. दुसरे चरणजित सिंग. फिल्मी ताफ्यांत गिटार, बेस, सिंथेसायझर सगळं वाजवणारा माणूस. जपानच्या रोलंड कंपनीनं १९८१ मध्ये 'टीबी-३०३' नावाची छोटी पेटी काढली. हेतू साधा: बेसवाला न बोलावता बेस वाजावा. ती चालली नाही, कंपनीनं तीन वर्षांत ती बंद केली आणि पेट्या जुन्या बाजारात पडेल भावानं गेल्या. आमच्या चरणजितजींनी मात्र १९८२ मध्ये त्याच पेटीच्या साथीनं दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड पडली. पुढे शिकागोच्या पोरांनी त्याच भंगारातल्या पेटीतून 'ॲसिड हाउस' नावाचं नाचाचं संगीत काढलं, पेटीचा भाव लाखांत गेला आणि २०१० साली चरणजितजींची रेकॉर्ड नव्यानं निघाल्यावर जग म्हणालं, अरे, हा माणूस तर आधीच पोचला होता! २०१५ साली ते गेले. कौतुक पोचलं, पण फार उशिरा.

आता आपल्या शिवारात या. गुढीपाडव्याच्या आगेमागे तमाशासम्राज्ञी विठाबाईंच्या नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. नाचणाऱ्या किती, लाइट किती, गाडी किती, सगळी चौकशी होते. बेस कोण वाजवतो हे विचारणारा पुढारी अजून जन्माला यायचाय. ढोलकी-हलगीच्या शेजारी कीबोर्ड आला आणि बेसचं काम त्याच्या डाव्या हाताकडे गेलं. एक माणूस वाचला, म्हणजे एका माणसाचा रोज बुडाला. लग्नाच्या वरातीत तर 'किती बेस, किती टॉप' एवढाच हिशेब. खोकी मोजायची, छाती धडधडली की पैसे वसूल.

गंमत बघा. इथून जवळच खोडदला आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या आकाशगंगांचे क्षीण रेडिओ संदेश टिपायला. त्याच तालुक्यात मंचाच्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस मात्र कुणाला ऐकू येत नाही.

तेव्हा पिंपळवंडीकरांनो, कुणाच्या माळ्यावर जुनी बेस पडली असेल, मग ती कोलकात्याच्या गिवसनची काही हजारांची का असेना, तर एक करा. भाव येईल म्हणून झाकून ठेवू नका. ती फेंडर नाही, भाव यायचा नाही. तारा बदला आणि गावातल्या एखाद्या पोराच्या गळ्यात अडकवा. आणि यात्रा कमिटीनं पुढच्या वर्षी सुपारी देताना यादीत एक ओळ वाढवावी: बेस वाजवणारा माणूस, एक. त्याचे पैसे रोख, आणि त्याच रात्री.