आपल्यातलं कुणी हवं म्हणे!

अहो, ऐकलंत का? काल मंडळाच्या हॉलमध्ये काय रंगलं ते? तुम्ही नेमक्या काल आला नाहीत! या, जरा अशा कुंपणाजवळ या. आमच्या ह्यांना ऐकू जायला नको, सही करणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचंच आहे ना...

तर निवेदन द्यायचं ठरलंय. दोन्ही पार्ट्यांना. म्हणे नगर निगमच्या पुढच्या निवडणुकीत मराठी माणसाला तिकीट द्या. मुख्यमंत्री आपल्या उज्जैन दक्षिणचे, आता नाही मागायचं तर कधी? बँकेतले रिटायर्ड काका उभे राहिले आणि नेहमीसारखे राणोजी शिंद्यांपासून सुरू झाले. १७३१ ला इथे राजधानी आपली, महाकालचं देऊळ पुन्हा उभं केलं ते रामचंद्रबाबा सुखटणकरांनी, गोपाळ मंदिर बायजाबाईंचं, आणि आज तिकिटासाठी आपण अर्ज लिहितोय! टाळ्या पडल्या हो. तेवढ्यात मागून कुणीतरी पुटपुटलं, "दौलतरावांनी १८१० मध्ये बिऱ्हाड ग्वाल्हेरला हलवलं, तेव्हाच गेली आपली सीट." काकांचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. पण हरतील तर ते काका कसले! लगेच २०२२ चा हिशेब काढला. महापौर किती मतांनी निवडून आला? ७३६! "म्हणजे आपल्या चार गल्ल्यांनी मनावर घेतलं असतं तर?" त्यावर त्यांचीच सून हळूच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी आपण सगळे शिर्डीला होतो." ...पुढचं काय सांगू!

हां, तर काय सांगत होते? ताई. सुमित्राताईंचा विषय निघणारच, त्याशिवाय आपल्याकडे चहा तरी कुठे उकळतो? एक वहिनी अगदी गहिवरून, "इंदूरला ताई होत्या तोवर दिल्लीत आपलं कुणीतरी होतं." खरंच आहे म्हणा. १९८९ मध्ये सेठीजींना पाडलं, ते सेठीजी, आपल्याच उज्जैनचे, मुख्यमंत्री राहिलेले! तेव्हापासून सलग आठ वेळा निवडून आल्या. लोकसभेच्या स्पीकरसुद्धा. आणि २०१९ ला पार्टीचं तिकीट काही जाहीर होईना, तेव्हा ताईंनी सरळ चिठ्ठी लिहून कळवलं, मी लढत नाही, आता निवांत ठरवा. वहिनी म्हणाल्या, "आणि तिकीट दिलं कुणाला? लालवानींना." म्हणताना असं नाक मुरडलं... अहो, पण तेही पाच लाखांच्या वर लीड घेऊन आले ना? आणि ताई आठ वेळा आल्या त्या काय नुसत्या मराठी मतांवर? इंदुरात मराठी माणसं आहेत किती! चिपळूणची लेक, पण सिंधी म्हणा, मारवाडी म्हणा, सगळ्या घरांची ताई झाली, म्हणून आली. हे मी तिथे म्हटलं नाही हं, तुम्हालाच म्हणतेय.

पण खरी गंमत पुढेच. चष्मेवाल्या काकू म्हणाल्या, "ते सगळं ठीक, पण इथे लोकसभेची सीट राखीव, मागच्या वेळी महापौराचीही राखीव. आपल्यातलं कुणी उभं राहणार कुठून?" दाराजवळ ती शाळेतली टीचर बसली होती ना, महूकडची. ती उठली. आवाज चढवला नाही की काही नाही. म्हणाली, "काकू, आपल्यातलं म्हणजे कोण? बाबासाहेब महूलाच जन्मले, मराठीच होते. माझ्या घरीही मराठीच बोलतात. राखीव सीटवर मी उभी राहिले, तर मी आपल्यातली ना?"

अहो, काय सांगू! काकूंनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. ह्यांनी निवेदनाचा कागद उलटा धरून वाचायला घेतला. अध्यक्ष म्हणाले, "चहा आला का बघा जरा." मला विचाराल तर पोरगी शंभर टक्के बरोबर बोलली. आपण मराठी मराठी म्हणतो आणि मोजतो आपलीच दहा आडनावं.

मग विषय बदलायला अध्यक्ष एकदम अमेरिकेत गेले. आपले श्री ठाणेदार! बेळगावकडचे, २०२२ ची निवडणूक जिंकून डेट्रॉइटचे खासदार झाले, केवढा अभिमान! सगळे कसे पुन्हा खुलले. पण ज्यांची लेक मिशिगनला असते त्या म्हणाल्या, "लेक सांगते, तिथले काळे लोक नाराज होते. शहरात वस्ती त्यांची जास्त, आणि जवळजवळ सत्तर वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्यातलं कुणी संसदेत नाही." घ्या! म्हणजे तिथे आपण लालवानी झालो की हो! मघाच्या नाक मुरडणाऱ्या वहिनी लगेच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

तर शेवटी प्रश्न आला, तिकीट मिळालंच तर उभं कोण राहणार? काका म्हणाले, गुडघे. ह्यांचं बीपी. दुसरे म्हणाले, मुलगा पुण्याला बोलावतोय. मग कुणाला तरी आठवलं, अर्धे वॉर्ड तर बायकांसाठी असतात. लगेच सगळ्या पुरुषांचे चेहरे उजळले! बायकोने फॉर्म भरायचा आणि ह्यांनी पार्षदपती म्हणून स्कूटरवर मिरवायचं. टीचरने विचारलं, "माझं नाव लिहू?" तर म्हणे, बघू, पुढच्या मीटिंगला ठरवू. का हो? सिंहस्थ आलाय २०२८ चा, रस्ते रुंद होतायत, कुणाचा ओटा जातोय, कुणाची भिंत, अशा वेळी निगममध्ये जाऊन भांडणारं माणूस हवं की वंशावळ सांगणारं? मी तर पहिली सही तिच्या नावाला करणार. ह्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

पण तोवर एक दुसरं नाव हवंय, आपल्या वॉर्डासाठी. मी तुमचं सुचवू का? ...अहो, असं काय करता? बघा, बघा, तुमचाही चेहरा पडला!