गैरसोयीचे तीन हजार डॉलर

मराठी माणूस सहलीची चौकशी करतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सोय कशी आहे? निसर्गसौंदर्य नंतर, आधी गरम पाणी, वेळेवर चहा आणि संडास. या परीक्षेत व्हिएतनाममधली सोन डूंग गुहा पहिल्याच पेपरात नापास होते. चार दिवस जंगलातून आणि अंधारातून चालायचं, एकच नदी पुन्हा पुन्हा ओलांडायची, ओल्या बुटांनी दोरीला धरून खडकावरून खाली उतरायचं, तीन रात्री तंबूत काढायच्या. आणि संडास म्हणाल, तर आडोशामागे एक डबा, वर टाकायला भाताचं तूस. या सगळ्याचे माणशी सुमारे तीन हजार डॉलर. म्हणजे अडीच लाखांच्या पुढे, तेही आधी तब्येतीची आणि व्यायामाची माहिती भरून, समोरच्यानं ‘या’ म्हटलं तर. पैसे देणाऱ्यालाच नकार मिळू शकतो, हा प्रकार आपल्याकडे फक्त विवाहमंडळात दिसतो. तरीही माझं म्हणणं असं की हा भाव रास्त आहे. गुहेची राखण गैरसोय करते, आणि पर्यटक जे पैसे मोजतो ते त्या राखणदाराचा पगार म्हणून मोजतो.

पुरावा गुहेच्याच चरित्रात आहे. १९९० च्या सुमारास हो खान नावाचा स्थानिक माणूस जंगलात पोटापाण्यासाठी हिंडत असताना वादळात सापडला आणि एका कपारीपाशी आडोशाला थांबला. आतून वाऱ्याचा आणि नदीचा असा आवाज येत होता की त्यानं शहाणपणानं आत न जाता घरचा रस्ता धरला. पुढे ती जागाच त्याला सापडेना. २००८ साली ती पुन्हा हाती लागली आणि २००९ मध्ये त्यानं ब्रिटिश गुहा-संशोधकांच्या तुकडीला तिथे नेलं. मापं निघाली ती अशी: मुख्य दालन पाच किलोमीटरहून लांब, काही ठिकाणी २०० मीटर उंच आणि १५० मीटर रुंद, एकूण पोकळी जवळजवळ ३.८५ कोटी घनमीटर. दोन ठिकाणी छत कोसळलंय, तिथून ऊन आत येतं आणि त्या उन्हावर गुहेच्या पोटात जंगल उगवलंय. ढगसुद्धा आतच तयार होतात. जगातली सर्वांत मोठी गुहा, आणि ती पाहिलेल्या माणसालाही वर्षानुवर्षं सापडत नव्हती! पहिल्या तुकडीलाही गुहेनं पूर्ण आत घेतलं नाही. सुमारे ९० मीटरची, चुनखडीच्या थरांनी गुळगुळीत झालेली भिंत आडवी आली आणि ही मंडळी परत फिरली. ती ओलांडली पुढच्या वर्षी.

आता सोय केली की काय होतं, तेही सोन डूंग ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे तिथेच पाहायला मिळतं. फोंग न्या गुहेत होडीतून जाता येतं, पॅराडाइज केव्हमध्ये लाकडी पायवाट आणि दिवे आहेत, डार्क केव्हला तारेवरून घसरत जाऊन चिखलात लोळायची व्यवस्था आहे. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण जगात कुठेही गुहेत कायमचे दिवे लागले की हळूहळू त्यांच्या आसपास शेवाळ धरतं आणि हजारो वर्षांचे चुनखडीचे खांब हिरवट होतात. त्यातून ‘हात लावू नये’ ही पाटी वाचून झाल्यावर तीच पाटी धरून फोटो काढणारे आपण. हाताचा तेलकटपणा खांबावर बसला की त्या जागी नवा थर नीट धरत नाही. सोन डूंगला वर्षाकाठी साधारण हजार माणसं जातात. २०१४ साली तिथे सुमारे साडेदहा किलोमीटरची केबल कार नेण्याची योजना जाहीर झाली; तिची क्षमता ताशी हजार सांगितली गेली होती. एका वर्षाचं पर्यटन एका तासात! देशभरातून ओरड झाली आणि योजना बारगळली.

यावर पहिला आक्षेप येतो की ही श्रीमंतांची चैन झाली. झाली, कबूल. पण तो पैसा कुठे मुरतो ते पाहा. दहा पाहुण्यांमागे वीसहून जास्त माणसं असतात: हमाल, आचारी, वाटाडे. पूर्वी याच जंगलात चोरटी लाकूडतोड आणि शिकार करून घर चालवणारे कित्येक जण आता पाहुण्यांचे तंबू आणि तांदूळ वाहतात. दुसरा आक्षेप अधिक झोंबणारा: मग यात साहस ते कुठलं? पाहुणा हेल्मेट, हातमोजे आणि महागडे बूट घालून, दोन माणसांच्या देखरेखीत एकेक पाऊल टाकतो. हमाल पाठीवर बोजा घेऊन, साध्या प्लास्टिकच्या सँडलवर, त्याच्या शेजारून पुढे जातो आणि पाहुणा मुक्कामी पोचेपर्यंत भात शिजवून ठेवतो. तेव्हा माहितीपत्रकातला ‘साहस’ हा शब्द हमालाच्या खात्यावर टाकावा हे उत्तम. पाहुण्यानं गैरसोयीचं बिल भरलंय, तेवढं श्रेय त्याला पुरे.

तिसरा आक्षेप आपल्या घरातूनच येईल: मग गुडघे दुखणाऱ्यांनी काय करायचं? रायगडाला रोपवे झाला म्हणून किती आजीआजोबांना गड पाहायला मिळाला! मुद्दा खरा आहे, आणि रायगडाच्या बाबतीत मला पटतोही. तो गड माणसांनी माणसांच्या राबत्यासाठीच बांधला होता. सोन डूंगमध्ये राबता कधी नव्हताच, आणि नदीनं ती कोरताना अभ्यागतांचा विचार केलेला नाही. आजही साधारण सप्टेंबरपासून वर्षअखेरीपर्यंत पुराच्या भीतीनं सहली बंद असतात. गुडघ्यांसाठी फोंग न्याची होडी आहे. बसल्या जागी गुहा, वर तळहातावरची सुकी भेळ. आणि केबल कारच हवी असेल, तर दा नांगजवळ बा ना हिल्सवर ती आहेच, भरपूर लांबीची. वर गेलं की दोन राक्षसी हातांनी तोलल्यासारखा दिसणारा सोनेरी पूल लागतो. आपल्या टूरवाल्यांच्या कार्यक्रमात तो असतोच, आणि जेवणात वरणभात मिळेल का, हे बुकिंगच्या आधी विचारायला कुणाची हरकत नसते.