चेंडूपेक्षा आपण बरे

आमचा बंड्या जॅक रसेल जातीचा. उंची वीतभर, पण दम असा की आमच्या रेडिंगच्या घरातले दोन सोफे त्याने कामाला लावले. "याला फ्लायबॉलला घाला," असं दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या तेव्हा आमची ही माझ्याआधी "हो" म्हणाली.

फ्लायबॉल म्हणजे कुत्र्यांची रिले शर्यत. एका संघात चार कुत्री, आणि शेजारच्या पट्ट्यात दुसरा संघ. रेषेपासून पेटीपर्यंत ५१ फूट अंतर, वाटेत चार अडथळे. कुत्र्याने ते ओलांडत जायचं आणि पेटीवर पाय आपटायचे. स्प्रिंगने चेंडू उडतो, तो तोंडात धरून पुन्हा चारही अडथळे ओलांडत परत यायचं, मग पुढच्याने सुटायचं. हे सत्तरच्या दशकातलं कॅलिफोर्नियाचं खूळ. इंग्रजांनी ते उचललं आणि १९९४ मध्ये त्याची रीतसर संघटनाही काढली. अगदी अव्वल संघ चारही कुत्री १५ सेकंदांच्या आत पळवून मोकळे होतात. तेवढ्यात माझी बुटाची एक नाडी बांधून होते.

सराव घोड्यांच्या रिंगणात. पोचलो तर कानठळ्या बसल्या. शर्यतीत नसलेली कुत्री शर्यतीतल्या कुत्र्यांना सूचना देत होती. पहिल्याच दिवशी प्रशिक्षक बाईंनी बंड्याची उंची मोजली, तीही पुन्हा पुन्हा. इतक्या बारकाईने आमच्या पिढीत फक्त सांगून आलेल्या मुलीची उंची मोजत. कारण नंतर कळलं. संघातल्या सगळ्यांत बुटक्या कुत्र्याच्या मापाने अडथळ्यांची उंची ठरते. बुटका जितका बुटका, तितक्या बाकीच्यांच्या उड्या सोप्या. लांब टांगांच्या कॉलींचे मालक बंड्याकडे अशा काही प्रेमाने बघू लागले की मलाच संकोच वाटला.

हा खेळ शेवटाकडून शिकवतात. पेटी नंतर. पेटीवर थेट धडकायचं नाही, चारही पाय टेकवून अंग वळवत निघायचं, नाहीतर सांधे कामातून जातात. त्यामुळे ते सावकाश चालतं. आधी शिकायचं ते परत येणं. "चेंडू मिळाल्यावर कुत्रा तुमच्याकडे का येईल?" बाईंनी विचारलं, आणि उत्तरही त्यांनीच दिलं, "तुम्ही चेंडूपेक्षा आकर्षक असाल, तरच." मग त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विषय बदलला.

आकर्षक होण्याची कृती अशी: एकाने कुत्र्याला छातीशी धरून ठेवायचं. मालकाने त्याच्याकडे पाठ करून, ओढाओढीचं फडकं नाचवत, लाडाने किंचाळत धूम ठोकायची. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक आपल्या कुत्रीसाठी असे चीत्कार काढत होते की त्यांचे जुने विद्यार्थी तिथे असते तर त्यांनी डोळे मिटून घेतले असते. माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला. सख्ख्या मुलांचे लाडसुद्धा मी प्रगतिपुस्तकावर सही करून केले. मी धावलो, आणि "बंड्या, ये" म्हणालो. बंड्या सुटला, माझ्याजवळून पुढे गेला आणि मुख्याध्यापकांना जाऊन भेटला.

"अहो, सभेचं इतिवृत्त वाचताय का?" असं म्हणत हिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

ही गिरगावातल्या चाळीतली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या भावंडांना हाक मारण्यात तिचं बालपण गेलेलं. तिने रेषेपलीकडे उभं राहून एकदाच आवाज दिला, "बंड्याऽऽ, जेवायला चऽऽल!"

बंड्या आला, अडथळ्यांना पाय न लावता आला. शेजारच्या पट्ट्यातली कॉलीही तोंडातला चेंडू टाकून आली. सामन्यात असं पट्टा ओलांडून येणं म्हणजे ती फेरी हातची गेली, पण हा सराव होता. शिवाय मुख्याध्यापकांची कुत्री तर शर्यतीतच नव्हती, तीही आली.

बाईंनी हिला तिथल्या तिथे संघात घेतलं. मला चेंडू गोळा करण्याचं काम मिळालं. मुख्याध्यापकांनी मात्र हिच्याकडून ती हाक घोटवून घेतली. परवा त्यांनी ती कुत्रीसाठी दिली, तर ती जागची हलली नाही. मीच हातातली टोपली ठेवून दोन पावलं पुढे गेलो.