हळदीकुंकवाचा पीएच

आमच्या टाकीसमोर उभा राहिलेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारतो, "मासे किती?" मी "दोन" म्हणालो की त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती पसरते. एवढी मोठी काच, एवढे निळे दिवे, खाली घुमणारे पंप, आणि मासे दोन! मालवणहून न्यू जर्सीला आलेल्या मामांनी तर काचेला नाक लावून थेट विचारलं, "ह्यातलो तळूक बरो खंयचो?" मी त्यांना प्रवाळ दाखवले. "बरां दिसता," ते म्हणाले. आमच्याकडचा माणूस "बरां दिसता" म्हणाला की विषय संपला असं समजावं.

मला हवा तो प्रश्न कुणीच विचारत नाही. "काय हो, तुमची अल्कलिनिटी किती?" उत्तर जिभेवर तयार आहे: ८.१. दिवाळीत ८.१, नाताळात ८.१. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी मुलाचं कॉलेज सांगतो, कुणी मॅरेथॉनची वेळ सांगतो. माझ्याकडे सांगायला एक न हलणारा आकडा आहे, आणि न हलणाऱ्या गोष्टीचं कौतुक करून घेणं महाकठीण. हलला तर निदान लोक हळहळतील तरी.

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, ती अंशांत मोजतात. खऱ्या समुद्रात हा आकडा सातच्या आसपास असतो. आम्ही हौशी लोक सात ते अकराच्या मध्ये कुठेतरी तंबू ठोकतो. कुठे ठोकला याला फारसं महत्त्व नाही, तो रोज उपटू नये एवढंच. कारण प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून सतत आपला सांगाडा बांधत असतात. गंमत अशी की अल्कलिनिटी २.८ अंशांनी घसरते तेव्हा ४२० पीपीएम कॅल्शियममधले जेमतेम २० खर्च होतात. कॅल्शियम ही बँकेतली ठेव आणि अल्कलिनिटी हे खिशातले सुटे पैसे. भाजीवाला, रिक्षावाला, वर्गणीवाला, सगळ्यांचा हात खिशातच. म्हणून तो खिसा रोज भरावा लागतो. त्यासाठी मी खायचा सोडा ताटात पसरून ओव्हनमध्ये तासभर भाजतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उडून जातं, धुण्याचा सोडा उरतो आणि पीएचही जरा वर उचलला जातो. बाबांनी आयुष्यात स्वतः बनवलेला हा एकमेव पदार्थ, असं मुलगा पाहुण्यांना सांगतो.

रात्री मात्र सोड्याऐवजी चुना. दिवे मालवले की टाकीतलं प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालूच राहतं, आणि पहाटेपर्यंत पीएच तळ गाठतो. त्यावर उतारा म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी थेंबथेंब चुन्याची निवळी सोडायची. तिचा पीएच बाराच्या वर. घाई केली तर प्रवाळांचा निकाल. इथे काकडीच्या लोणच्यासाठी शुद्ध चुना बरणीत मिळतो, तो मी आणतो आणि बरणी उघडली की थेट आठवीच्या वर्गात जाऊन बसतो.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि किल्ली हेडसरांच्या खिशात. वर्षातून एकदा ते उघडे. परीक्षानळीत निवळी, तीत काचेची एक नळी, आणि फुंकायला अख्खा वर्ग. आधीच्याने शर्टाच्या टोकाला पुसून दिलेली नळी आपण तोंडात धरायची. सर ओरडत, "फुंका! ओढू नका!" तरी एक जण ओढायचाच, मग त्याला नळावर पळवत नेणं हा प्रयोगाचा दुसरा भाग. निवळी दुधाळ झाली की टाळ्या. पण शेवटच्या बाकावरची पोरं थांबायला तयार नसत, गाल दुखेपर्यंत फुंकत राहत, आणि ती दुधाळ निवळी पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ होई. सरांना हा चावटपणा वाटे. परीक्षेत "दुधाळ होते" इथे पूर्णविराम. पुढचं लिहिलं तर मार्क जायचे. आज माझी सगळी टाकी त्या पुढच्या ओळीवर उभी आहे. दुधाळ म्हणजे न विरघळणारं कार्बोनेट, ते मला नकोच. आणखी फुंकल्यावर जे विरघळलेलं बायकार्बोनेट तयार होतं, ते प्रवाळांना हवं. शेवटच्या बाकाचं विज्ञान सरांच्या एक पायरी पुढे होतं, आणि तसं सांगायला आता सर नाहीत.

तर, फुंकणं. आमचं घर हिवाळ्यात डबाबंद असतं, हीटर चालू, खिडक्या घट्ट. घरातली माणसं श्वास सोडतात, तो हवेत साठतो, हवेतून पाण्यात मुरतो, आणि पीएच खाली येतो. नेहमीची तीन माणसं टाकी सांभाळून घेते. पण संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असतं. खोलीभर पैठण्या, गप्पा, तिळगूळ. संध्याकाळी ८.२ असलेला पीएच बघता बघता ७.९ झाला. मी हळूच खिडकी उघडली. बाहेर उणे सहा.

"अहो, खिडकी लावा! बायका गारठल्यात."

"पीएच पडतोय."

"पडू दे. उद्या उचला."

एक काकू तर पैठणीवर जॅकेट चढवून वाण घ्यायला उभ्या राहिल्या. मी खिडकी लावली आणि पाहुण्यांच्या फुप्फुसांचा मनातल्या मनात उद्धार केला.

खऱ्या समुद्राचा पीएच औद्योगिक क्रांतीपासून ८.२ वरून ८.१ वर आलाय. एक दशांशच, पण हे माप लॉगरिदमचं. त्या दशांशात आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. मामांच्या गावी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत. माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या किनाऱ्यावर गेल्या, आणि हे मला न्यू जर्सीत पुस्तक वाचून कळलं. त्या पाण्याला कुणी रात्री थेंबथेंब निवळी देत नाही. तिथे उघडायला खिडकीही नाही. हा विचार मी फार लांबवत नाही, कारण गॅरेजमध्ये दोन गाड्या उभ्या आहेत.

तोवर हात सोड्याच्या बाटलीकडे गेला होता. पण कार्बन डायऑक्साइडने पीएच पडतो, अल्कलिनिटी पडत नाही. अशा वेळी सोडा ओतला तर पीएच फारसा हलत नाही आणि अल्कलिनिटी मात्र भडकून प्रवाळांची टोकं जळतात. म्हणून आधी मोजणं आलं. कुपीत टाकीचं पाणी, दर्शकाचे थेंब, आणि सिरिंजमधून आम्ल, थेंबाथेंबाने. निळ्याचा नारिंगी-गुलाबी झाला की थांबायचं. तो नेमका कधी होतो हे मला आजवर समजलेलं नाही. हे खातं बायकोचं. ती कुंकवाचा करंडा बाजूला ठेवून आली, कुपी दिव्यासमोर धरली.

"मोरपिशी आहे अजून." थेंब. "अजून जरा." थेंब. "झाला. अबोली."

"अबोली कुठली? गाजरी," मागून जॅकेटवाल्या काकू.

"छे, अजून कांदापाती झाक आहे. एक थेंब घाला."

"नका हो घालू, शेंदरी होईल!"

कुपी हातोहात फिरली. माझ्या टाकीकडे बायकांनी इतक्या तन्मयतेने कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मतदान झालं, अबोली जिंकली. सिरिंजवरचा आकडा पाहून मी वहीत लिहिलं: ८.१, बहुमताने. सोड्याची बाटली कपाटात गेली. पीएच तेवढा ७.९ वरच राहिला, कारण बहुमत अजून टाकीसमोरच उभं राहून मोठमोठ्याने हसत होतं.