लाकूड कुणाचं?

‘पैसे देऊ नका साहेब, लाकूड तेवढं आमचं.’

मे महिन्यात पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या फाटकाशी हा सौदा ठरतो. वळवाच्या वाऱ्यात शेजारच्या गल्लीत एखादी फांदी गाडीवर पडलेली असते, कमिटी घाबरलेली असते, आणि काम फुकटात होतंय म्हटल्यावर पुढचं कुणी विचारत नाही. हा सौदा बंद करा. येत्या मीटिंगमध्येच ठराव करून बंद करा.

कारण सरळ आहे. झाडावर धोका असतो तो वाळलेल्या फांदीचा, आतून पोखरलेल्या फांदीचा, दुसरीवर घासून साल गेलेल्या फांदीचा. असल्या लाकडाला वखारीत भाव नाही. भाव आहे जाड, ओल्या, निरोगी फांदीला, कारण ती वजनावर जाते. ज्याची मजुरी लाकडात आहे, तो कोणती फांदी आधी उतरवेल? त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याचं पोट आपणच लाकडाला बांधलं आहे.

आमच्या सोसायटीत सहा वर्षांपूर्वी हेच झालं. मी तेव्हा कमिटीत होतो, ठरावावर माझीही सही आहे. दोन गुलमोहोर आणि एक रेनट्री. संध्याकाळपर्यंत तिघांचेही शेंडे उडाले होते, नुसती बोडकी खोडं उभी होती. पावसाळ्यात प्रत्येक कापाखालून पालवीचे झुबके फुटले आणि आम्हाला हायसं वाटलं : झाड जोमात आहे! तो जोम नव्हता. पानं गेली की झाडाची चूल विझते. मग होती नव्हती ती साठवण खर्चून झाड घाईघाईने फूट काढतं. मूळची फांदी वर्षानुवर्षं खोडाच्या लाकडात गुंफत गेलेली असते. हे फुटवे मात्र सालीलगत वरवर धरलेले असतात. त्यात कापाचा उघडा भाग कुजत जातो. चौथ्या वर्षी, जूनच्या वाऱ्यात, मांडीएवढा जाड झालेला असा एक फुटवा बुडातून निसटला आणि मुलं शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी राहतात नेमका तिथे पडला. तो रविवार होता. सोमवार असता तर हे सदर मी लिहू शकलो नसतो.

त्यानंतर मी झाडांबद्दल वाचायला लागलो. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेल्या अॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून त्यांच्या जखमा आतून पाहिल्या. त्याने दाखवून दिलं की आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. कुजलेला भाग झाड दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती आतल्या आत भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जखम झाकतं. या कामाला लागणारी सगळी तयारी फांदीच्या बुडाशी असते. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे नीट पाहा, सालीला वळ्या पडलेला एक फुगवटा दिसेल. काप त्या फुगवट्याच्या जरा बाहेर हवा. खोडाशी सपाट तासला तर फुगवटाच गेला, आणि हातभर खुंट ठेवला तर तो वाळून कूज आत नेतो. कापावर रंग किंवा डांबर फासण्याचा आग्रह आपल्याकडे फार, पण त्याने कूज थांबत नाही. काप बरोबर असेल तर तो उघडाच ठेवावा.

म्हणून माणूस ठरवताना ‘किती घेणार?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘दादा, ही फांदी कुठे कापाल? बोट ठेवून दाखवा.’ जाणकार माणूस फुगवट्यावर बोट ठेवेल. मोठी फांदी कशी उतरवणार तेही विचारा. त्याने सांगायला हवं की खोडापासून दीड-दोन फुटांवर आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे जाऊन वरून काप. फांदी पडल्यावर उरलेला खुंट शेवटी वेगळा काढायचा. खालचा काप घेतला नाही तर पडणारी फांदी जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. आमच्या रेनट्रीच्या अंगावर तसा एक लांब ओरखडा अजून आहे. आणि कुणी शेंडाच उडवायची भाषा केली, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मग त्याचा दोर पाहा. त्या दिवशी आमच्याकडे झाडावर चढलेला मुलगा विशीतला होता. अनवाणी, कमरेला कोयता, दोर फक्त फांदी बांधायला. स्वतःला बांधायला काही नाही. खाली आम्ही सात-आठ जण वर बघत उभे होतो आणि ‘जरा सांभाळून रे’ यापलीकडे कुणी काही बोललं नाही. तीन मजले उंचीवर माणूस चढवताना कमरपट्टा, हेल्मेट आणि विमा नसेल तर काम सुरूच होऊ देऊ नये. विजेची तार जवळून जात असेल तर आधी वीज कंपनीला कळवावं. याने खर्च वाढतो. वाढू दे. लिफ्टच्या देखभालीला आपण दर महिन्याला मुकाट पैसे देतो, झाडासाठी दोन वर्षांतून एकदा द्यायला जड का जावेत?

परवानगीचंही तसंच. झाड आपल्या आवारात आहे म्हणजे ते आपल्या मर्जीचं, हा समज चुकीचा आहे. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि त्यात झाड ‘तोडणं’ या शब्दात जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या पुढच्या झाडांना वारसा वृक्ष ठरवलं. असं झाड तोडावंच लागलं तर त्याचं वय जितकं, तितकी झाडं लावणं आलं. जुन्या सोसायट्यांतली कितीतरी झाडं आता या पन्नाशीत आली आहेत. अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे जातो, माणूस येऊन पाहतो, वेळ लागतो. म्हणून अर्ज दिवाळीनंतरच करावा. मे महिन्यात घाईही असते आणि घरटीही असतात. कावळ्याचं घरटं तेव्हा भरलेलं असतं, कधी कधी त्यात कोकिळेचंही अंडं असतं.

आणखी एक गोष्ट राहते, ती जमिनीवरची. झाड पडलं की आपण फांद्यांना दोष देतो, पण बुंध्याला आवळून बसवलेले पेव्हर ब्लॉक कुणी पाहत नाही. मुळांना हवा आणि पाणी लागतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. तेवढं आपल्या आवारात करायला आदेशाची वाट कशाला बघायची? गटाराची लाइन टाकताना एका बाजूची मुळं तोडलेली असतील, तर ते मात्र छाटणीच्या माणसाला आठवणीने सांगावं. असं झाड वरून ठणठणीत दिसतं आणि त्या बाजूचा आधार गेलेला असतो.

यंदा आम्ही पैसे मोजले. आलेला माणूस पन्नाशीचा, बोलायला कमी. वर चढण्याआधी त्याने तिन्ही झाडांभोवती फेऱ्या मारल्या, बुंध्यावर कोयत्याचा दांडा ठोकून आवाज ऐकला. फुटव्यांच्या झुबक्यांतले बळकट एक-दोन ठेवून बाकीचे काढले, वाळलेलं सगळं उतरवलं. सगळं एकदम काढू नका, उरलेलं दोन वर्षांनी बघू, असं स्वतःच म्हणाला. मागच्या कोपऱ्यात, जिथे कुणी जात नाही, तिथला एक वाळका खुंट त्याने मुद्दाम सोडला. तांबटाचं भोक होतं त्यात.

निघताना मी विचारलं, लाकडाचं काय करायचं?

‘तुमचं आहे, इथंच राहू द्या,’ तो म्हणाला. बारीक डहाळ्यांचे तुकडे करून त्याने आळ्यात पसरले, बुंध्यापासून वीतभर लांब, खोडाला ओल लागू नये म्हणून. जाड ओंडके आता मागच्या भिंतीशी रचले आहेत, आणि संध्याकाळी मुलं त्यांच्यावर बसतात.