जरा क्लीन करून द्या

आमच्या गल्लीतल्या फोटो स्टुडिओत एक काळा कोट आहे. तो कुणा शिंप्याने शिवलेला नाही, त्याला इस्त्री लागत नाही. तो कॉम्प्युटरात राहतो. नुसत्या शर्टावर आलेल्या माणसाच्या गळ्याखाली ऑपरेटर तो आणून ठेवतो, खांद्यांपाशी जरा ओढतो आणि बघता बघता गिऱ्हाइकाचा बँक मॅनेजर होतो. टाय फुकट. तालुक्यातले निम्मे उपवर, एक सरपंच आणि क्लासवाले सर याच कोटात आहेत. मापाची तक्रार एकाचीही नाही.

कोट झाला की चेहरा. बायोडेटाला गोरेपणा हवा, फ्लेक्सला तेज हवं. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी बारीक किंवा जाड केली असेल, तर तसं फोटोवर लिहावं लागतं. हा कायदा चेहऱ्यांसकट आमच्या चौकात आला, तर ‘भावी नगरसेवक’ लिहायला फ्लेक्सवर जागाच उरणार नाही. पासपोर्टच्या फोटोला मात्र सॉफ्टवेअरचा हात लागलेला चालत नाही. म्हणून पासपोर्टात आपण सगळेच फरारी दिसतो.

चेहरा सुधारायचं हे खूळ कॉम्प्युटरने आणलं असंही नाही. निगेटिव्हवर सुरकुती काचेसारखी आरपार दिसायची. जुने फोटोग्राफर टोकदार पेन्सिलीने ती भरत, की कागदावर बाई दहा वर्षांनी लहान. हात घसरला की नाकावर पांढरा डाग, आणि तो मागे घेणारं बटण नव्हतं. फोटोशॉप 1990 साली आलं आणि 2002 मध्ये त्यात हीलिंग ब्रश आला. गालावरची चांगली कातडी दाखवायची, मग पुटकुळीवर ब्रश फिरवायचा; कातडीचा पोत तिथला येतो, रंग इथलाच राहतो. आमचा ऑपरेटर यात पटाईत. गाल गुळगुळीत केलेला लेयर तो निम्म्यावर फिका करतो, म्हणजे खालची छिद्रं पुन्हा डोकावतात. ‘नायतर माणूस बाहुला दिसतो,’ म्हणतो. कारागीर कुठे थांबतो त्यावरून ओळखावा, हे माझं मत. फ्लेक्सवाले थांबत नाहीत.

एके दिवशी एक मावशी आपल्या सासूबाईंचा जुना फोटो मोठा करायला घेऊन आल्या. ऑपरेटरने ओरखडे काढले, बुरशी काढली, आणि त्याच झपाट्यात कपाळावरचे आणि हनुवटीवरचे ठिपकेही काढले.

“अरे, गोंदण कुठं गेलं?”

“डाग होते ना मावशी ते?”

“डाग? जत्रेत दोघींनी हात धरून ठेवले होते त्यांचे, तेव्हा कुठं गोंदून झालं! आण परत.”

त्याने मुकाट्याने एकेक पायरी मागे घेतली. हिरवट ठिपके उगवले. मावशी चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावून बघत राहिल्या.

“आणि ही कपाळावरची आठी? ती जाईल?”

“जाईल की.”

ब्रश कपाळाशी पोचला तसा त्यांनी त्याचा हात धरला. “नको, राहू दे. आमचे हे विचारतील, ही कुणाची आई?”

मग पैशांचं निघालं.

“मोठा करायचे वेगळे, आणि डाग काढायचे दोनशे.”

“आणि परत लावलेस त्याचे?”

“त्याचे काय नाय, मावशी.”

“काय नाय कसं? ते दोनशेतनं वजा कर.”