कमवा, पण मोजून

सावेडी रोडला फ्लेक्स झळकतोय: ‘जर्मनीत शिका आणि कमवा!’ कर्मवीर भाऊराव पाटलांचं ‘कमवा आणि शिका’ उलटं फिरवलं की कन्सल्टंटची जाहिरात तयार. फरक एवढाच, की कर्मवीरांच्या वसतिगृहातल्या पोरांना राबायचे दिवस कुणी मोजून दिले नव्हते.

जर्मनी मोजून देते. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम. 1 मार्च 2024 च्या आधी 120 च होते. म्हणजे हा दयाळूपणाच म्हणायचा!

मेख आहे ती इंटर्नशिपमध्ये. अभ्यासक्रमात सक्तीची असेल, तर ती या 140 दिवसांत धरत नाहीत. हौसेनं, अनुभवासाठी केली, तर प्रत्येक दिवस वजा. पगार मिळो न मिळो. आठवड्याला पाच दिवस धरून सहा महिने केली की 130 दिवस खलास. उरलेल्या दहा दिवसांत हॉटेलात भांडी घासून किती युरो जमतात, हे पारनेरच्या बापानं बँकेच्या व्याजाशेजारी मांडून बघावं.

बापाचा हिशेब सरळ असतो. प्लॉट तारण ठेवायचा, व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे 11,904 युरो टाकायचे, पुढचे पैसे पोरगं कमवील. त्या खात्यातून महिन्याला 992 युरोच निघतात. पोरगं तिकडं आपल्याच बापाच्या पैशांचा पगार घेतं.

पोराला तरी काय बोलणार? इथल्या कॉलेजात त्यानं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ केलेलं असतं, म्हणजे मामाच्या ओळखीनं एमआयडीसीतल्या कुठल्यातरी कंपनीचा शिक्का आणलेला असतो. एका दुपारीत उरकलेली इंटर्नशिप! सक्तीची आणि ऐच्छिक यात फरक असतो, हे त्याच्या कानावर कधी पडणार? आपल्याकडं दोन्हींचा शिक्का सारखाच उमटतो.

म्हणून फ्लेक्सखालच्या केबिनमध्ये गेलात तर रँकिंग, हवामान, शाकाहारी जेवण हे सगळं नंतर विचारा. आधी एवढंच: “साहेब, या कोर्सातली इंटर्नशिप सक्तीची की ऐच्छिक? विद्यापीठाच्या कागदावर दाखवा.”

“ते तिकडं गेल्यावर बघू हो काका. तोवर फाइलचे पैसे गुगल पे करून टाका.”